जाळी, लेझर आणि पाबळचं माळरान

अल रीम आयलंडला इतिहास नाही, असं इथे राहणारी बहुतेक मंडळी धरून चालतात. वरवर पाहता ते बरोबरही आहे. अबू धाबीच्या मुख्य बेटापासून जेमतेम सहाशे मीटरवर असलेलं हे बेट विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत वाळू आणि काठाची खारफुटी एवढंच होतं. मग पूल आले, क्रेन आल्या आणि २००५ नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत इथे साठ-सत्तर मजली मनोरे उभे राहिले. आमच्या इमारतीचं वय माझ्या मुलीच्या वयापेक्षा कमी आहे. 'रीम' म्हणजे अरबीत वाळवंटातलं पांढरट हरीण आणि 'अबू धाबी' म्हणजे हरणाचा बाप. नावापुरते तरी बाप-लेक शेजारी शेजारी नांदताहेत म्हणायचे!

पण याच खाडीच्या पाण्यात, फार दूर नाही, उम्म अन-नार नावाचं एक छोटं बेट आहे. १९५९ साली ग्लोब आणि बिबी या दोघांच्या डॅनिश चमूने तिथे उत्खनन सुरू केलं आणि गोल, घडीव दगडांची थडगी उजेडात आणली. काही दगडांवर हरणाच्या जातीचा ओरिक्स आणि उंट कोरलेले. काळ साधारण इसवी सनापूर्वी २६०० ते २०००. या देशातल्या त्या काळालाच आता उम्म अन-नार काळ म्हणतात. इथल्या त्या काळच्या थडग्यांमधून आपल्या सिंधू खोऱ्याकडचे, पांढरी नक्षी उमटवलेले लाल अकीकाचे मणी मिळाले आहेत. म्हणजे हाताने केलेली वस्तू समुद्र ओलांडून इकडे यायला लागली त्याला चार हजार वर्षं उलटून गेली. आपण विमानाने आलो एवढाच फरक.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे या भागात गेली काही वर्षं रुजलेली एक नवी पद्धत. सुट्टीच्या दिवशी (२०२२ पासून इथे शनिवार-रविवार सुट्टी असते, पूर्वी शुक्रवार-शनिवार होती) कुठे शाळेत, कुठे एखाद्या कलाकेंद्रात, कुठे इमारतीच्या क्लबहाऊसमध्ये कार्यशाळा भरतात. एक लेझर कटर, एक-दोन थ्रीडी प्रिंटर, चार लॅपटॉप. विषय असतो 'वारसा'. मुलांनी आणि त्यांच्या आयाबापांनी मशरबिया, म्हणजे अरबी घरांच्या खिडक्यांची लाकडी जाळी, कॉम्प्युटरवर काढायची आणि तीन मिलिमीटरच्या पातळ फळीतून कापून घ्यायची. किंवा सदू विणकामातली त्रिकोणांची नक्षी घेऊन तिचा दिवा करायचा. दोन तासांत वस्तू हातात. मुलं खूष, पालक फोटो काढण्यात दंग. मीही गेलोय, आणि यंत्राची रेघ लाकडावरून सरकताना बघायला मलाही मजा येते, उगीच कशाला नाही म्हणू?

आता तुम्ही म्हणाल, यात इतिहास कुठे आला? तर सांगायचा मुद्दा असा, की या कार्यशाळांची वंशावळ शोधत गेलं की ती सिलिकॉन व्हॅलीत किंवा दुबईत जाऊन थांबत नाही. ती थांबते पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, पाबळला.

पाबळ म्हटलं की इतिहासवाल्यांना मस्तानी आठवते. पहिल्या बाजीरावाने तिला हे गाव दिलं होतं आणि १७४० साली ती गेल्यावर तिची कबर इथेच झाली. पर्जन्यछायेतला मुलूख. पुण्याहून साठेक किलोमीटर, पण पाऊस बघितला तर वेगळाच देश. १९८३ साली इथल्या एका माळावर डॉ. श्रीनाथ कलबाग आणि मीराताई कलबाग राहायला आले. कलबाग अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात अन्नतंत्रज्ञानात डॉक्टरेट करून आलेले, हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात मोठ्या हुद्द्यावर काम केलेले. पन्नाशी उलटल्यावर त्यांनी ती नोकरी सोडली आणि 'विज्ञान आश्रम' काढला. पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेचं (जे. पी. नाईक आणि चित्राताई नाईक यांची संस्था) एक केंद्र म्हणून तो सुरू झाला.

आपल्यातले बरेच जण परदेशी शिकतात आणि तिकडेच राहतात, मीही त्यातलाच. म्हणून असा उलटा प्रवास केलेल्या माणसाबद्दल वाचताना आपण फार लवकर हळवे होतो. कलबागांच्या बाबतीत हळवं होण्यात अर्थ नाही, कारण त्यांनी जे मांडलं ते त्याग वगैरे नव्हतंच, तो एक प्रयोग होता. त्यांचं म्हणणं साधारण असं, की शाळा सोडलेला खेड्यातला मुलगा मंद नसतो. त्याला शिकवण्याची पद्धत चुकलेली असते. माणूस मुळात हाताने काम करता करता शिकतो. मग त्याला खरं काम द्या, असं काम की ज्याची गावाला गरज आहे आणि ज्याचे गाव पैसे देईल. आश्रमात चार विभाग: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य. एका वर्षाचा निवासी अभ्यासक्रम, आणि प्रत्येकाने चारही विभागांत काम करायचं. वेल्डिंग शिकणाऱ्या मुलाने भाकरीही करायची आणि कोंबड्यांना लसही टोचायची. यातून भूजल शोधण्यासाठी जमिनीचा विद्युतरोध मोजणारं उपकरण वापरून विहिरीची जागा सांगण्याचा धंदा करणारी मुलं तयार झाली. जीपचे भाग वापरून केलेला छोटा ट्रॅक्टर झाला. लोखंडी नळ्या-पट्ट्यांच्या त्रिकोणांनी बांधलेले घुमट झाले, ते 'पाबळ डोम' म्हणून ओळखले जातात. आश्रमातल्या कितीतरी इमारती घुमटांच्याच आहेत. शिवाय आजूबाजूच्या हायस्कुलांमध्ये आठवड्यातला एक दिवस मुलांनी हाताने काम करायचं, हा अभ्यासक्रम आश्रमाने सुरू केला आणि राज्याच्या शालान्त परीक्षा मंडळाने तो मान्यही केला.

गांधीजींच्या 'नई तालीम'ची आठवण होणं साहजिक आहे. वर्ध्याच्या १९३७ च्या परिषदेत मांडलेली ती कल्पना: कातणं, सुतारकाम अशा एखाद्या उद्योगाभोवती सगळं शिक्षण गुंफायचं. मला दोन्हींत एक फरक महत्त्वाचा वाटतो. नई तालीमला चरखा हवा होता. कलबागांना चरख्याचं प्रेम नव्हतं आणि कॉम्प्युटरचं वावडंही नव्हतं. गावाला उपयोगी असेल ते यंत्र आणायचं, नवं आहे की जुनं हा प्रश्नच नाही. त्यामुळे पुढची गोष्ट घडली.

अमेरिकेत एमआयटीमध्ये नील गर्शेनफेल्ड नावाच्या प्राध्यापकाने १९९८ साली एक कोर्स सुरू केला. नाव होतं '(जवळजवळ) काहीही कसं बनवावं'. कारखान्यातली महागडी यंत्रं शिकवण्यासाठी मूठभर विद्यार्थी येतील अशी अपेक्षा होती, आली ती झुंबड, आणि त्यात कलाकार, वास्तुरचनाकार असे इंजिनिअर नसलेलेच पुष्कळ. २००१ साली त्यांचं 'सेंटर फॉर बिट्स अँड अॅटम्स' उभं राहिलं, त्याला अमेरिकन सरकारच्या विज्ञान प्रतिष्ठानाचा पैसा होता. सरकारी पैसा म्हटला की समाजाला त्याचा काय उपयोग हे दाखवावं लागतं (हे आपल्याकडेही तसंच). म्हणून त्यांनी यंत्रांचा एक छोटा संच ठरवला: लेझर कटर, विनाइल कापायचं यंत्र, लाकूड कोरणारी मोठी सीएनसी, सर्किट बोर्ड कोरणारी छोटी मिलिंग, आणि इलेक्ट्रॉनिक्सचं टेबल. थ्रीडी प्रिंटर नंतर आला. हा संच जगात कुठेही ठेवला की एका ठिकाणी केलेलं डिझाईन दुसरीकडे जसंच्या तसं निघतं. हीच 'फॅब लॅब'. आणि एमआयटीच्या बाहेर ती प्रथम गेली त्या अगदी पहिल्या ठिकाणांत पाबळ होतं, २००२ साली. बॉस्टनच्या गरीब वस्तीतली मेल किंग यांची लॅब, नॉर्वेच्या मेंढपाळांची, घानातली ताकोराडीची, ही सगळी त्याच्या मागेपुढे.

एमआयटीची माणसं पाबळला शिकवायला गेली असतील असं कुणाला वाटेल. पण तिथे प्रश्न आधीच तयार होते. दुधाची प्रत गावातच स्वस्तात कशी मोजायची? शेतातलं डिझेल इंजिन नीट लावलेलं आहे की फुकट डिझेल पितंय, हे कसं कळायचं? प्रश्न विचारणाऱ्या पोरांच्या हाताला कानस आणि वेल्डिंगची सवय होती. यंत्र त्यांच्यासाठी चौथं-पाचवं अवजार होतं, पहिलं नव्हे. पुढे तिथे एलईडी दिवे, अंडी उबवण्याची यंत्रं असं बरंच काही होत राहिलं. कलबाग २००३ च्या जुलैत गेले, लॅब आल्यावर वर्षभरातच. गर्शेनफेल्डनी २००५ च्या 'फॅब' या पुस्तकात त्यांच्याबद्दल आणि पाबळबद्दल लिहिलं. २००९ साली जगभरातल्या फॅब लॅबवाल्यांचं पाचवं संमेलन पुण्यात भरलं. आज जगात अशा दोन हजारांहून जास्त लॅब आहेत. दुबईतही २०१७ पासून शेख हमदान बिन राशिद यांच्या नावाच्या शैक्षणिक प्रतिष्ठानाची फॅब लॅब आहे. इथल्या कार्यशाळांमध्ये दिसणारा यंत्रांचा संच बघा, तो तोच आहे.

मात्र पाबळच्या यादीत 'वारसा' नव्हता. कला नव्हती. दूध होतं, विहीर होती, इंजिन होतं. कला आणि यंत्र यांची सांगड कुठून आली, यासाठी अजून मागे जावं लागतं, आणि योगायोग बघा, तिथेही मुंबईच लागते.

सर जमशेटजी जीजीभॉय यांनी १८५३ मध्ये एक लाख रुपये देऊ केले आणि १८५७ साली मुंबईत त्यांच्या नावाचं कलाविद्यालय सुरू झालं. हेतू चित्रकार घडवण्याचा कमी आणि कारागीर सुधारण्याचा जास्त होता. इंग्लंडमध्ये तेव्हा यंत्रांनी कारागिरी मारली म्हणून हळहळ चालू होती, आणि ती मारणाऱ्याच साम्राज्याला हिंदुस्थानातली कारागिरी वाचवायची होती! विरोधाभास उघड आहे. तरी १८६५ ला लॉकवुड किपलिंग (रुडयार्डचे वडील) आले, सजावटीची रंगकला, मूर्तिकाम आणि घडीव लोखंडकाम अशा कार्यशाळा चालू झाल्या, आणि पुढे व्हिक्टोरिया टर्मिनसवरचे मोर, पानं, जाळ्या यांत विद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा हात लागला. १८९१ साली तर गव्हर्नरच्या नावाने 'लॉर्ड रे आर्ट वर्कशॉप्स' निघाली, म्हणजे सोनारकाम, लाकूडकाम, गालिचे विणणं अशा परंपरागत हुन्नरांचं शिक्षण शाळेच्या आवारातच. तिकडे बडोद्यात सयाजीरावांनी १८९० साली त्रिभुवनदास गज्जरांच्या हाती 'कलाभवन' सोपवलं. रंगरसायन, विणकाम, सुतारकाम, फोटोग्राफी, सगळं एका छपराखाली. दादासाहेब फाळके जे.जे.मधून निघून तिथे शिकले. आपला पहिला चित्रपट काढणारा माणूस अशा कार्यशाळेतून आला, यात नवल वाटायला नको.

पण माझा या सगळ्यांतला आवडता माणूस म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्कर. चित्रकार व्हायला जे.जे.मध्ये गेले आणि दोन वर्षांनी कळलं की रंग ओळखण्यात दोष आहे. रंग सोडले, रेघ धरली. यंत्रांची रेखाचित्रं काढायला शिकले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तेच शिकवू लागले. मग बेळगावात सायकलींचं दुकान, मग लोखंडी नांगर, आणि १९१० साली औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी दिलेल्या जमिनीवर किर्लोस्करवाडी. बाळासाहेब स्वतः चित्रकार आणि चित्रांचे संग्राहक. एका रंगांध चित्रकाराला एका चित्रकार राजाने नांगराच्या कारखान्यासाठी माळरान दिलं! 'कला आणि तंत्रज्ञान यांचा संगम' या विषयावर आजकाल जी भाषणं होतात त्यांत ही गोष्ट कुणी सांगत नाही, याचं मला वाईट वाटतं.

वारशाची नक्कल करून ठेवण्याचा उद्योगही आपल्याकडे जुना आहे, आणि त्याची कहाणी जरा करुण आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करायला कंपनीने १८४४ साली रॉबर्ट गिल या फौजी अधिकाऱ्याला नेमलं. त्याने वर्षानुवर्षं लेण्यांत बसून मोठमोठी तैलचित्रं केली. ती लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये लावली होती, तिथे १८६६ च्या डिसेंबरात आग लागली आणि बहुतेक सगळी जळाली. मग १८७२ पासून १८८५ पर्यंत जे.जे.चे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी (पेस्तनजी बोमनजी त्यांत होते) दर हंगामात अजिंठ्याला जाऊन पुन्हा नकला करत राहिले, सुमारे तीनशे चित्रं. ती साउथ केन्सिंग्टनला ठेवली आणि १८८५ मध्ये तिथेही आग! शंभरावर चित्रं गेली. शिवाय रंग उठून दिसावेत म्हणून मूळ भिंतींवर व्हार्निश चोपडलं गेलं होतं, ते पुढे पिवळं-काळं पडून चित्रांना बाधलं, ते वेगळंच. नक्कल जळाली आणि अस्सल डागाळलं. डिजिटल फाईल जळत नाही हे खरं, पण ती उघडणारं सॉफ्टवेअर दहा वर्षांत बंद पडतं, हे आम्ही इंजिनिअर लोक जाणतो.

आता पुन्हा आखातात येऊ. इथे नकलेचा प्रयोग फार मोठ्या आकारात झाला आहे. सीरियातल्या पाल्मायराची विजय-कमान २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये आयसिसने उडवून दिली. ऑक्सफर्डच्या एका संस्थेने जुन्या फोटोंवरून तिचा त्रिमितीय आराखडा तयार केला, इटलीतल्या कारारात यंत्रांनी संगमरवरात ती लहान आकारात कोरली आणि एप्रिल २०१६ मध्ये ती लंडनच्या ट्रफाल्गर चौकात उभी राहिली. २०१७ च्या फेब्रुवारीत ती दुबईत आली. कौतुक झालं तशी टीकाही झाली, की पाल्मायराच्या लोकांना कुणी काही विचारलंच नाही, फिरती कमान जगभर मिरवते आहे. नंतर दुबईच्या एक्स्पोमध्ये (नाव २०२०, भरलं २०२१-२२ मध्ये, करोनामुळे) इटलीच्या दालनात मायकेलअँजेलोचा डेव्हिड होता, स्कॅन करून, थ्रीडी प्रिंट करून, वरून संगमरवराची भुकटी देऊन केलेला, मूळच्याच उंचीचा. मजला असा रचला होता की बहुसंख्य प्रेक्षकांना त्याचं फक्त डोकं आणि खांदे दिसत. इथल्या संकोचाला धरूनच ते असावं अशी तेव्हा चर्चा झाली. फाईलला संकोच नसतो, ती जिथे छापली जाते त्या जागेला असतो.

जाळीच्या बाबतीत मात्र इथे जे झालं ते मला खरोखर आवडतं. मुख्य बेटावरच्या 'अल बहार' या जुळ्या मनोऱ्यांवर २०१२ साली बसवलेली मशरबिया हलती आहे. प्रत्येक मनोऱ्यावर हजारावर त्रिकोणी छत्र्या, सूर्य जसा फिरतो तशा उघडतात आणि मिटतात. आणि २०१७ च्या ११ नोव्हेंबरला लोकांसाठी उघडलेलं लूव्र अबू धाबी. झाँ नुव्हेलचा १८० मीटर व्यासाचा घुमट, नक्षीचे आठ थर एकावर एक, ७८५० तारका, वजन साडेसात हजार टन, म्हणजे जवळपास आयफेल टॉवरएवढं. चार खांबांवर तोललेला, तेही दिसू न देता. नुव्हेलने प्रेरणा घेतली ती खजुराच्या झावळ्यांच्या छपरातून झिरपणाऱ्या उन्हाची. कोकणात नारळाच्या झापांच्या मांडवाखाली बसलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. ही कुठल्या जुन्या जाळीची नक्कल नाही. जाळी काय काम करते, ऊन अडवायचं, वारा आणि नजर बाहेर जाऊ द्यायची, हे समजून घेऊन केलेली नवी वस्तू आहे.

सदूचंही तसंच. बदाऊन बायका जमिनीवर लाकडी माग मांडून मेंढी, शेळी आणि उंटाच्या लोकरीतून तंबूचे पडदे, उंटावरचे साज विणत, तेच अल सदू. युनेस्कोने २०११ साली ते तातडीने जपण्याच्या यादीत घातलं, कारण विणणाऱ्या बायका म्हाताऱ्या होत चालल्या आणि लेकी-नाती शाळा-कचेऱ्यांत गेल्या. गंमत अशी, की सदूची नक्षी मुळातच डिजिटल आहे. ताण्याचा हा धागा वर की खाली, बस्स, एवढाच प्रश्न प्रत्येक ठिकाणी. शून्य किंवा एक. जॅकार्डने १८०४ च्या सुमारास तेच भोकांच्या पट्ट्यांवर नेलं आणि तिथून कॉम्प्युटरच्या कार्डांपर्यंत वाट गेली. आज येवल्यातही कितीतरी मागांवर जॅकार्ड बसलेलं आहे, आणि हातानं एकेक रंगाची कांडी फिरवून काढलेल्या पदराची किंमत वेगळी का, हे गिऱ्हाइकाला समजावताना विणकराची दमछाक होते. म्हणजे कार्यशाळेत सदूची नक्षी लेझरने लाकडात कापतात तेव्हा नक्षी येते, पण ती जिथून जन्मली ती धाग्यांची मोजदाद गळून जाते. त्रिकोण उरतो. तो त्रिकोणच का, चौकोन का नाही, हे मागावर बसल्याशिवाय कळत नाही.

आणि आता मला जे खुपतं ते सांगतो. रीम आयलंडवर या कार्यशाळांना येतो कोण? आम्ही. इंजिनिअर, बँकवाले, डॉक्टर आणि आमची मुलं. अबू धाबीत लाकडाचं, लोखंडाचं, दगडाचं काम खरोखर हाताने येणारी माणसं हजारोंनी आहेत. ती मुसफ्फाच्या औद्योगिक वसाहतीतल्या शेडमध्ये काम करतात आणि कामगारांच्या वसाहतीत राहतात. सुतार आहेत राजस्थान, उत्तर प्रदेश, केरळ, पाकिस्तान, बांगलादेशचे. सुट्टीच्या दिवशी त्यांना रीमवर कोण बोलावणार? पाबळमध्ये यंत्र गेलं ते ज्यांच्या हातात कानस होती त्यांच्याकडे. जे.जे.मध्ये, साहेबी हेतू काहीही असोत, सोनाराला आणि सुताराला निदान आवारात बसवलं होतं. इथे वारशाची कार्यशाळा आहे, फक्त तो वारसा ज्यांच्या बोटांत आहे ते खालच्या सर्व्हिस लिफ्टने वर येतात, कपाट दुरुस्त करायला.

हे नुसतं भावनेने म्हणत नाही. आमच्याकडे असाच एक मिस्त्री आला होता, राजस्थानातल्या शेखावाटीचा, वीस वर्षं इकडे. काम स्वयंपाकघराच्या दाराचं होतं. बाल्कनीत मुलीने केलेली मशरबिया टांगली होती, एमडीएफच्या पत्र्यातून लेझरने कापलेली, अगदी सुबक. त्याने ती हातात घेतली, कडेवरून अंगठा फिरवला (लेझरने जळलेली कड काळी असते, बोटाला काजळी लागते) आणि म्हणाला, "साब, ये फूल जाएगा." मग त्याने उभ्या उभ्याच सांगितलं. खरी जाळी अखंड फळीतून कापत नाहीत. लेथवर फिरवलेले बोटभर लांबीचे शेकडो तुकडे असतात, एकाची शेंडी दुसऱ्याच्या खाचेत, ना खिळा ना गोंद. समुद्राकाठी दमट हवेत लाकूड फुगतं, कोरड्या वाऱ्यात आकसतं, आणि तेवढी जागा प्रत्येक सांध्यात आधीच सोडलेली असते. म्हणून ती शंभर वर्षं टिकते. पुस्तकात मी हे वाचलं होतं. पण किती जागा सोडायची, ते त्याने नखाच्या कडेने दाखवलं.

मुलीने विचारलं की मग लेझरने असे तुकडे करता येतील का. लेझरची रेघ जाते तिथे पाव मिलिमीटरच्या आसपास लाकूड जळून जातं, ही फट हिशेबात धरावीच लागते, ती सांध्यासाठी वापरता येईल का, असा तिचा प्रश्न. मिस्त्रीला लेझर काय ते मी मोबाईलवर दाखवलं. त्याने विचार करून सांगितलं की गोल फिरवलेलं काही निघणार नाही, पण चपटे तुकडे निघतील, फक्त एमडीएफ नको, सागवानाच्या पातळ पट्ट्या घ्या, मुसफ्फात तोडून उरलेल्या मिळतात, आणि रेषा लाकडाच्या धारेने ठेवा, आडव्या नाही.

त्या वर्षी ऑगस्टच्या दमट हवेत बाल्कनीतली एमडीएफची जाळी खालच्या कोपऱ्यातून फुगली आणि तिचे पापुद्रे सुटले. सागाच्या पट्ट्यांची नवी जाळी अजून पुरी झालेली नाही. एकशेचाळीस तुकड्यांपैकी साठ झाले आहेत. कार्यशाळेच्या आयोजकांकडे मी विचारणा केली आहे की एका सत्रासाठी या मिस्त्रींना शिकवायला बोलावता येईल का, आणि त्यांच्या वेळेचे पैसे देता येतील का. परवान्याचा, व्हिसाचा, विम्याचा असे बरेच प्रश्न निघाले. आयोजक बघतो म्हणाले आहेत.